एकटा न राहणारा फॉस्फेट

मलकापुरात तो दोन नावांनी वावरतो. खताच्या दुकानात तो स्फुरद. नत्र, स्फुरद, पालाश या तिघांतला मधला. डीएपीचं पोतं ‘अठरा-शेहेचाळीस’ म्हणून मागतात, त्यातला शेहेचाळीस त्याचा. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याच्या कडेला एखाद्या लॅबमध्ये रक्त दिलं की रिपोर्टवर तो ‘सीरम फॉस्फरस’ म्हणून उमटतो, कॅल्शियमच्या आसपास, कोपऱ्यात. शेतातल्या स्फुरदाची या शाहूवाडी तालुक्यात पुरेपूर ओळख आहे. पोत्याचा भाव, तुटवडा, कोणत्या पिकाला केव्हा टाकायचा, सगळं माणसं तोंडपाठ सांगतात. रक्तातल्या फॉस्फेटची मात्र कुणी चौकशी करत नाही. साखर किती, बीपी किती, हिमोग्लोबिन किती, हे घरोघर बोललं जातं. ‘तुमचा फॉस्फरस किती आला?’ असं मात्र कुणी कुणाला विचारत नाही. हे शब्दचित्र त्याच्यासाठी.

स्वभावानं तो संगतीचा. सुटा फॉस्फरस निसर्गात सापडत नाही, आणि माणसानं सुटा करून ठेवला तरी पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेट घेतो. 1669 साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटनं सोनं मिळेल या आशेनं मूत्र आटवत नेलं. सोनं मिळालं नाही, पण अंधारात उजळणारा एक मेणासारखा पदार्थ हाती लागला. मूत्रात तो होता, कारण जेवणातून आलेला जास्तीचा फॉस्फेट मूत्रपिंडं रोज बाहेर टाकत असतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तो प्रयोग नकळत मूत्रपिंडांच्या याच कामाची साक्ष देऊन गेला.

शरीरात, मातीत, दगडात तो चार ऑक्सिजन बरोबर घेऊनच राहतो. या पाचांच्या कुटुंबाला फॉस्फेट म्हणायचं. एवढ्यानंही त्याचं भागत नाही. कॅल्शियम भेटला की त्याच्याशी जमतं, लोखंड भेटलं की त्याच्याशी, ॲल्युमिनियमशी तर फारच घट्ट. साखरेशी जमतं, चरबीशी जमतं. त्याचं भलंबुरं सगळं या संगतीवर ठरतं. म्हणून फॉस्फेटचं वर्णन करायचं तर तो कुणाबरोबर कुठे बसलाय, हे आधी पाहावं लागतं.

मोठ्या माणसाच्या शरीरात फॉस्फरस साधारण 700 ग्रॅम असतो. त्यातला 85 टक्के हाडांत आणि दातांत, कॅल्शियमबरोबर स्फटिक होऊन बसलेला. 14 टक्क्यांच्या आसपास स्नायू, मेंदू, यकृत अशा अवयवांच्या पेशींत. उरलेला एखादा टक्का पेशींबाहेरच्या द्रवात. रिपोर्टमध्ये जो आकडा येतो तो या उरलेल्यातलाही एक अंश. मोठ्या माणसात तो डेसिलिटरमागे 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम असावा असं मानतात. शरीरातल्या तीनेक लिटर प्लाझ्माचा हिशेब केला तर तो भरतो शंभरेक मिलिग्रॅम. सातशे ग्रॅमच्या मालकाचा अंदाज आपण शंभर मिलिग्रॅमवरून बांधतो. कोठार भरलेलं असताना हा आकडा घसरू शकतो आणि कोठार रिकामं होत असताना तो अगदी ठीक दिसू शकतो. पुढे जे काही सांगायचंय त्याच्या बुडाशी हीच गोष्ट आहे.

मलकापूरच्या पश्चिमेला आंबा घाटाकडे, विशाळगडाकडे निघालं की माती तांबडी होत जाते आणि जांभा दगड उघडा पडतो. शतकानुशतकांच्या धो धो पावसानं मातीतलं जे जे विरघळण्यासारखं होतं ते वाहून गेलं. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. याच तालुक्यात बॉक्साइट निघतं ते त्यामुळेच, कारण बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज. अशा मातीत स्फुरदाचं पोतं ओतलं की लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात. मातीत तो असतो, पण पिकाच्या मुळाला मिळत नाही. टाकलेल्या स्फुरदातला साधारण पाचवा हिस्सा त्या हंगामात पिकाच्या वाट्याला येतो, बाकीचा मातीत अडकतो. म्हणून जाणते शेतकरी तो शेणखतात मिसळून, मुळांच्या जवळ ओळीनं देतात, विस्कटून फेकत नाहीत. भाताच्या खाचरात आणखी एक किमया होते. चिखलणी करून पाणी उभं केलं की मातीतली हवा संपते, लोहाचं रूप बदलतं आणि त्याची पकड ढिली होऊन स्फुरद काही प्रमाणात सुटतो. भाताला पाण्यात उभं राहायला आवडतं असं आपण म्हणतो. त्या आवडीत हा वाटा आहे. राब भाजण्यामागेही तेच. पालापाचोळा, शेण, कवळं जाळली की राखेतून स्फुरद आणि पालाश कोवळ्या रोपाला लगेच मिळतो. फॉस्फेट नावाचं काही असतं हे कुणाला ठाऊक नसतानाही, या डोंगरउतारांवरच्या माणसांना त्याला सोडवून घ्यायचं कसं हे कळलेलं होतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

लोह आणि ॲल्युमिनियम यांनी फॉस्फेटला धरून ठेवणं, हे लक्षात असू द्या. पुढे ते माणसाच्या पोटात भेटणार आहे.

गोठ्यात त्याची दुसरी ओळख होते. कोल्हापूर जिल्हा दुधाचा. पहाटे डेअरीवर रांग लागते आणि दहा दिवसांच्या बिलावर घरं चालतात. दुधाच्या प्रत्येक लिटरबरोबर म्हशीच्या अंगातून सुमारे एक ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. म्हैस व्याली, दूध वाढलं, आणि वैरणीत नुसतं उसाचं वाडं नि भाताचं पिंजर असलं, तर हा हिशेब तुटीचा होतो, कारण दोन्हींत स्फुरद कमी. मग म्हैस चिंध्या चघळायला लागते, भिंत चाटते, कुठे हाड सापडलं तर तेही तोंडात धरते. तिला जे कमी पडलंय ते ती शोधत असते. दक्षिण आफ्रिकेत गुरं माळावरची हाडं चघळून विषबाधेनं मरायची. अर्नोल्ड थाइलर या पशुवैद्यानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की मूळ कारण कुरणातल्या फॉस्फरसची उणीव, आणि हाडांचा भुगा खाऊ घातला की गुरं हाडं शोधायची थांबतात.

म्हशीत उणीव आणखी वाढली की एक दिवस लघवी कॉफीच्या रंगाची होते. विण्याच्या आगेमागे, जास्त दूध देणाऱ्या म्हशीत हे होतं. पाहणाऱ्याला वाटतं मूत्रमार्गातून रक्त पडतंय. घडतं ते वेगळंच. तांबड्या पेशींना आपलं पातळ आवरण सांभाळायला सतत ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा फॉस्फेटाशिवाय तयार होत नाही. तो फार खाली गेला की पेशी रक्तातच फुटतात, त्यांतला तांबडा रंग लघवीत उतरतो. डॉक्टर शिरेतून सोडियम ॲसिड फॉस्फेट देतात, आणि वेळेत दिलं तर बहुतेक जनावरं सावरतात. पुढे खनिज मिश्रण, भाताचा कोंडा, सरकी पेंड चालू ठेवावी लागते. माणसातही फॉस्फेट 1 मिलिग्रॅमच्या खाली गेला तर तांबड्या पेशी अशाच फुटू शकतात. क्वचित घडतं, पण घडतं.

ही ऊर्जा म्हणजे एटीपी. तीन फॉस्फेट ओळीनं जोडलेला एक रेणू. शेवटचा फॉस्फेट सुटला की ऊर्जा मोकळी होते आणि स्नायू आखडतो. मग तो फॉस्फेट परत जोडायचा, परत सोडायचा. कोणत्याही क्षणी अंगात एटीपी असतं शे-दोनशे ग्रॅम. पण ते इतक्या वेळा मोडतं आणि जुळतं की दिवसभरात त्याचा एकूण व्यवहार माणसाच्या वजनाइतका होतो. जुलै 1660 च्या त्या पावसाळी रात्री पन्हाळ्याहून निघून विशाळगडाकडे धावलेल्या बांदल मावळ्यांची वाट याच तालुक्यातून, पांढरेपाण्यावरून, घोडखिंडीतून गेली. चिखलातून पालखी खांद्यावर घेऊन धावणाऱ्या त्या मांड्यांत फॉस्फेट सेकंदागणिक सुटत आणि जुळत होता. बाजीप्रभूंचा पराक्रम मनाचा होता, निष्ठेचा होता. शरीरानं त्या मनाला जी साथ दिली ती या रेणूच्या बळावर दिली, असं म्हटल्यानं त्या पराक्रमाला उणेपणा येत नाही.

या रेणूचा शोध एका भारतीयाशी जोडलेला आहे आणि रक्तातल्या फॉस्फेटची चाचणीही त्याच्याशीच. यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म 1895, आंध्रातल्या भीमवरमचा. मद्रासेत वैद्यक शिकून 1923 मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी 1925 मध्ये रक्तातला, लघवीतला फॉस्फरस मोजायची सोपी रीत प्रसिद्ध केली. नमुन्यात आम्लातलं मॉलिब्डेट घालायचं, फॉस्फेट त्याच्याशी जुळतो; मग त्यावर एक क्षपणक टाकला की निळा रंग येतो. जितका फॉस्फेट तितका निळा गडद. ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ म्हणून ती जगभर शिकवली गेली. याच पद्धतीनं स्नायूचा अर्क तपासताना निळा रंग एकदम न येता हळूहळू वाढत गेला. दुसऱ्या कुणी चाचणी बिघडली म्हणून सोडून दिली असती. या दोघांनी ओळखलं की फॉस्फेट कशाला तरी नाजूकपणे चिकटलेला आहे आणि आम्लात तो सुटतोय. त्यातून 1927 मध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडलं. 1929 मध्ये एटीपीही त्यांनी वेगळं केलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमाननंही स्वतंत्रपणे ते शोधलं. सुब्बाराव 1948 मध्ये वारले, त्यांच्या नावाला साजेसा सन्मान मिळायच्या आधीच. आजची यंत्रं निळ्या रंगाऐवजी अतिनील प्रकाशात तोच मॉलिब्डेटचा संयोग थेट मोजतात. पायाभूत रसायन बदललेलं नाही.

चाचणी सोपी असली तरी नमुना नाजूक असतो, आणि मलकापूरसारख्या गावात हे नीट समजून घ्यायला हवं. तांबड्या पेशींच्या आत फॉस्फेट भरपूर असतो. रक्त काढलं, तसंच नळीत ठेवलं, आणि दुपारच्या उन्हात पंचेचाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूरला पाठवलं, तर वाटेत तो पेशींतून झिरपून बाहेर येतो आणि आकडा खोटाच वाढतो. पेशी फुटल्या असतील तर विचारायलाच नको. इथेच नमुना फिरवून वरचा पिवळा सीरम वेगळा केला आणि मग तो थंडीत पाठवला, की ही अडचण राहत नाही. आणि वेळ. सकाळी उशिरा फॉस्फेट दिवसातला सर्वांत खाली असतो, दुपारनंतर चढतो, रात्री आणखी. भरपेट भात खाल्ल्यावर, किंवा ग्लुकोजची बाटली लावलेली असताना, इन्सुलिन त्याला रक्तातून पेशींत ओढतं आणि आकडा उतरतो. म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळेला, शक्यतो सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावं. लहान मुलांचा आकडा मोठ्यांपेक्षा वर असतो, तान्ह्या बाळांचा सहा-सातच्या घरातही असतो, कारण हाडं वाढत असतात. मुलाच्या रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली पाहून घाबरलेले आईवडील असतात. आणि त्याहून वाईट, मोठ्यांच्या मर्यादेत बसला म्हणून मुलातली खरी उणीव सुटूनही जाते.

या पाहुण्याला कुठवर घरात घ्यायचं हे तिघं मिळून ठरवतात. ड जीवनसत्त्व आतड्यातून त्याला आत आणतं. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक हाडातून कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही काढतं, पण मूत्रपिंडाला सांगतं की फॉस्फेट सोडून दे. तिसरा उशिरा ओळखीचा झाला. सन 2000 मध्ये, पिढ्यान्‌पिढ्या मुडदूस चालत आलेल्या कुटुंबांचा अभ्यास करताना एफजीएफ-23 हे संप्रेरक सापडलं. ते हाडांतल्या पेशी बनवतात. हाड म्हणजे नुसता सांगाडा, असं आपण समजत होतो. ते मूत्रपिंडाला निरोप धाडतं, ‘फॉस्फेट जास्त झालाय, टाक बाहेर’, हे कळल्यावर हाडाकडे बघायची दृष्टीच बदलली. काही मुलांत हे संप्रेरक जन्मतःच जास्त असतं. फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातो, पाय वाकतात, दात बिघडतात, आणि ड जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या मात्रांनी काही होत नाही. पाय वाकलेल्या मुलाला ‘कॅल्शियम कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या चालू असतात, आणि फॉस्फरस कुणी मोजलेलाच नसतो. एवढ्या एका चाचणीनं त्या मुलाची दिशा बदलू शकते.

तो कमी कधी पडतो? साध्या जेवणातून कमी पडणं अवघड. भात, नाचणी, डाळी, शेंगदाण्याचा कूट, दूध, सुकट, सगळ्यांत तो आहे. कमी पडतो तो वेगळ्या वळणांवर. दीर्घ दारूच्या व्यसनात, मधुमेहाच्या बेशुद्धीवर इन्सुलिन चालू असताना, आणि सर्वांत दगाबाज म्हणजे उपासमारीनंतर पोटभर जेवल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना भरपूर खाऊ घातलं गेलं आणि त्यांतले काही त्या जेवणानंतरच हृदय बंद पडून गेले. इतके दिवस आटत गेलेला फॉस्फेट, अन्न येताच उसळलेल्या इन्सुलिनबरोबर पेशींत शिरला, आणि रक्तात काही उरलं नाही. हृदयाचे आणि श्वासाचे स्नायू थकून थांबले. आजही एकट्या राहणाऱ्या, आठवडाभर पोटात काही न गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला, क्षयानं खंगलेल्याला, दवाखान्यात आणल्याबरोबर सलाईनमधून ग्लुकोज आणि ताटभर जेवण देणं घातक ठरू शकतं. आधी थोडं, मग थोडं जास्त, आणि मध्ये फॉस्फरस मोजत राहायचा. आपल्याकडे आजारातून उठलेल्याला वाटीभर पेजेवर ठेवायची रीत होती. त्यातला थोडं-थोडं देण्याचा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो.

एक नवं वळणही सांगायला हवं. रक्तक्षय असलेल्या गरोदर बायकांना शिरेतून लोह देतात, आणि त्यातलं फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज आता सर्रास वापरलं जातं. औषध चांगलं आहे, एका बैठकीत बरंच लोह भरून निघतं. पण काहींमध्ये ते एफजीएफ-23 वाढवतं आणि फॉस्फेट काही आठवडे उतरतो. बहुतेकींना त्रास होत नाही. हिमोग्लोबिन वाढूनही बाई थकलेलीच असेल, हाडं दुखत असतील, तर मात्र ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून विषय संपवू नये, फॉस्फरस पाहावा.

आणि तो जास्त कधी होतो? जवळजवळ नेहमी उत्तर एकच: मूत्रपिंडं थकली की. इथे त्याचा स्वभाव सर्वांत कठीण होतो, कारण तो काही बोलत नाही. मूत्रपिंडं निम्म्यावर आली तरी रिपोर्टमधला आकडा ठीकच असतो. आत एफजीएफ-23 आणि पॅराथायरॉइड आकांतानं काम करून उरलेल्या मूत्रपिंडांकडून तो बाहेर काढून घेत असतात. मूत्रपिंडांचं काम पाव हिश्श्याच्या आसपास उतरतं तेव्हा कुठे आकडा चढतो. मग खाज सुटते, रात्री झोपू देत नाही. माणूस त्वचेच्या डॉक्टरकडे जातो, मलम लावतो, खोबरेल चोळतो. पॅराथायरॉइड हाडं पोखरत राहतात. आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना धरायला लागतो.

हा चुना कसा धरतो हे या जिल्ह्यातल्या माणसाला साखर कारखान्यावरून समजेल. उसाचा रस निवळायचा तर त्यात चुन्याचं दूध घालतात. रसातला फॉस्फेट चुन्यातल्या कॅल्शियमशी जुळतो, त्याचे गुठळ्यांसारखे कण बनतात, गाळ घेऊन ते तळाला बसतात आणि वर सोनेरी रस राहतो. रसात फॉस्फेट कमी असेल तर फॉस्फोरिक ॲसिड मुद्दाम घालतात. ती मळी पुढे शेतात खत म्हणून जाते, स्फुरदासाठीच. टाकीत जे हवं असतं तेच धमनीत नको असतं. फॉस्फेट वाढला की धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी आपलं काम सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात, आणि तिथे कॅल्शियम-फॉस्फेट बसत जातो. लवचीक वाहिनी ताठ होते, हृदयावर भार येतो. 1998 साली अमेरिकेतल्या हजारो डायलिसिस रुग्णांच्या नोंदी अभ्यासून जेफ्री ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फॉस्फेट 6.5 च्या वर असणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आहे.

डायलिसिसनं तो उतरतो, पण पुरता नाही. चार तासांच्या एका बैठकीत साधारण 800 ते 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो. आठवड्यातून तीन बैठका, म्हणजे जास्तीत जास्त तीन ग्रॅम. जेवणातून रोज ग्रॅमभर आला आणि त्यातला साठ टक्के जरी अंगात शिरला, तरी आठवड्याला चार ग्रॅमच्या वर जातो. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेमुळे डायलिसिसच्या खर्चाचा मोठा भार उतरला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण वाडीवरून निघून मलकापूरला यायचं, तिथून कोल्हापूरची एसटी धरायची, आणि एक दिवसाआड हे करायचं, यात एखादी बैठक चुकते. ऊसतोडीच्या किंवा भातलावणीच्या दिवसांत तर हमखास. चुकलेल्या प्रत्येक बैठकीचा फॉस्फेट अंगातच राहतो.

उरलेल्या ग्रॅमसाठी असतात त्याला पोटातच धरणाऱ्या गोळ्या. आणि इथे ती जांभी माती परत भेटते. पूर्वी रुग्णांना ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड देत. आंबा घाटाकडच्या मातीत ॲल्युमिनियम स्फुरदाला जसा धरून ठेवतो तसाच तो आतड्यात धरायचा. उत्तम धरायचा. पण ॲल्युमिनियम स्वतः थोडा थोडा अंगात साठत गेला; मेंदू आणि हाडं बिघडली, माणसं बोलणं विसरली. सत्तरच्या दशकात हे ध्यानात आलं आणि तो मार्ग दीर्घ उपचारासाठी सोडावा लागला. आता कॅल्शियम ॲसिटेट आहे, सेव्हेलामर आहे, आणि लोहाच्या गोळ्याही आल्यात, ज्या मातीतल्या लोहाचंच काम करतात.

या गोळ्यांबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. त्या जेवणाच्या घासांबरोबर घ्यायच्या असतात. सकाळी उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी, बाकीच्या गोळ्यांच्या मुठीत मिसळून घेतल्या तर त्यांना धरायला पोटात फॉस्फेटच नसतो. पैसे जातात, आकडा जागचा हलत नाही, आणि रुग्णाला वाटतं औषधाचा उपयोग नाही. जेवण जितकं मोठं, गोळ्या तितक्या. ज्या जेवणात मटण त्या जेवणात जास्त, नुसती चहा-बिस्किटं तेव्हा क्वचितच.

खाण्याबद्दलही लोक घाबरून सगळंच सोडतात, ते बरोबर नाही. डाळी, नाचणी, कडधान्यं यांतला बराचसा फॉस्फेट फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि माणसाचं आतडं तो पुरता सोडवू शकत नाही. मटण, मासे, दूध यांतला त्याहून सहज शिरतो. आणि सर्वांत सहज, नव्वद टक्क्यांच्या वर, शिरतो तो कारखान्यात मिसळलेला. काळ्या थंड पेयांतलं फॉस्फोरिक ॲसिड, चीजमधले, गोठवलेल्या मांसाच्या पाकिटांतले, काही बेकरी पदार्थांतले फॉस्फेट. पाकिटावर ते नावानं सापडतीलच असं नाही, आकड्यांनी सापडतात: 338, 339, 340, 341, 450, 451, 452. शाळेत जाणारा नातू हे आकडे आज्जीला वाचून दाखवू शकतो. घरातल्या एका माणसाचं डायलिसिस चालू असेल तर हे सात आकडे स्वयंपाकघरात लिहून लावावेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि अळणी. कोल्हापुरात आजाऱ्याला ताकद यावी म्हणून मटणाचं अळणी पाणी वाटीभर पाजतात. प्रेमानं पाजतात, आणि निरोगी माणसाला ते चांगलंच. पण मटण उकळताना त्यातला फॉस्फेट आणि पोटॅशियम पाण्यात उतरतो. मूत्रपिंड थकलेल्या माणसाला ती वाटी देऊ नये. उकळलेल्या मटणाचे दोन तुकडे, पाणी काढून, मसाला लावून परतून दिले, तर प्रथिनंही मिळतात आणि चवही राहते. किती द्यायचे ते त्याच्या रिपोर्टवर, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडच्या आकड्यांशेजारी फॉस्फरस ठेवून, आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावं. डायलिसिस केंद्रात दर महिन्याला रक्त तपासतात, तेव्हा क्रिएटिनिनबरोबर हा आकडाही विचारून घ्यावा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवावा. मागच्या महिन्यात तो किती होता, पुढच्या वेळी डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.